सात खून माफ करण्याची रीत

ही मार्गदर्शिका ‘द एल्डर स्क्रोल्स’ या गेममालिकेच्या नव्या खेळाडूंसाठी आहे. जुन्यांनी ती वाचण्याची गरज नाही. त्यांनी या मालिकेला केव्हाच सगळं माफ केलंय, आणि त्यातले बरेच जण तोच गेम चौथ्यांदा विकत घेऊन पुन्हा माफ करण्याच्या बेतात आहेत. नव्या माणसाची मात्र पंचाईत होते. तो पैसे मोजतो, खुर्ची पुढे ओढतो, तलवार उपसतो, आणि तेवढ्यात त्याचा घोडा उभ्या कड्यावरून निवांत चालत वर निघतो. अशा वेळी रागवायचं की हसायचं, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. ती सोय येथे केली आहे.

आधी कुळाची माहिती. ‘बेथेस्डा’ ही अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातली कंपनी. १९९४ साली तिने ‘अरीना’ काढला, १९९६ ला ‘डॅगरफॉल’, २००२ ला ‘मॉरोविंड’, २००६ ला ‘ऑब्लिव्हियन’ आणि २०११ च्या ११ नोव्हेंबरला ‘स्कायरिम’. (११-११-११ ही तारीख आधी ठरली आणि गेम मागून तिच्यात बसवला, असा माझा संशय आहे, पण या शास्त्रात संशय ग्राह्य धरत नाहीत.) गोष्टी सगळ्या टॅमरिएल नावाच्या एकाच खंडात घडतात, आणि नायक बहुतेक वेळा कैदी असतो. त्याने गुन्हा काय केला होता, हे कुणी सांगत नाही आणि तोही विचारत नाही. ‘ऑब्लिव्हियन’मध्ये तर खुद्द सम्राट त्याच्या कोठडीत येतो आणि त्याला सोबत घेऊन बाहेर पडतो. सम्राटाला आवाज पॅट्रिक स्टुअर्टचा. एवढा मोठा नट घेऊन त्याला सुरुवातीलाच मारून टाकलंय. म्हणजे क्षमेचा पहिला धडा गेम स्वतःच घालून देतो.

क्षमेचा अधिकार कोणाला? ज्याने सेव्ह केलंय त्याला. त्रिकाल सेव्ह हे नित्यकर्म समजावे: दार उघडण्यापूर्वी, दार उघडल्यावर, आणि दार उघडलंच कशाला असं वाटल्यावर. एकाच जागी सेव्ह करू नये. आपोआप होणाऱ्या सेव्हवर विसंबू नये. तो नेमका ड्रॅगनच्या तोंडात असताना झालेला असतो. ज्याच्याकडे दहा मिनिटांपूर्वीचा सेव्ह आहे तो स्वभावतःच उदार असतो. ज्याच्याकडे कालचा आहे त्याच्याकडून क्षमेची अपेक्षा करणं अमानुष आहे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. सुरुवात सोप्या अपराधांपासून करावी.

‘स्कायरिम’मध्ये व्हाइटरन शहराबाहेरच्या माळावर महाकाय लोक मॅमथ पाळून राहतात. नवख्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये असं सगळे सांगतात, म्हणून प्रत्येक जण जातो. महाकाय सोटा उचलतो, आपटतो, खेळाडू मरतो. इथवर तक्रारीला जागा नाही. पण मेल्यावर त्याचा देह सरळ वर जातो. झाडांच्या वर, मग डोंगरांच्या वर, मग खालचं शहर दिसेनासं होईपर्यंत. फटक्याचा जोर आणि देहाचं वजन यांचा हिशेब कुठेतरी चुकलाय, हे उघड आहे. खेळाडूंनी याला ‘स्कायरिमचा अंतराळ कार्यक्रम’ असं नाव दिलं, आणि कंपनीने तो कार्यक्रम बंद पाडला नाही. साधकाने उड्डाण सुरू झाल्याबरोबर घाईने लोडची कळ दाबू नये. स्वर्गारोहण पुरं होऊ द्यावं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात ते हातवारे करून सांगता आलं, की क्षमा झालीच म्हणून समजावे.

दुसरा पाठ बादलीचा. हा नीट समजून घ्यावा, कारण पुढचं सगळं शास्त्र यावर उभं आहे.

व्हाइटरनच्या बाजारात बेलेथोर नावाच्या दुकानदाराचं दुकान आहे. आत जावं, गोड बोलावं. मग एक बादली घ्यावी. बादली नसेल तर पातेलंही चालतं. उचलायची कळ दाबून धरली की वस्तू झोळीत न जाता समोर हवेत तरंगत राहते. ती तशीच हळूहळू, थोडी डावी-उजवीकडे ठोकत, दुकानदाराच्या डोक्यावर न्यावी आणि सोडून द्यावी. पहिल्या खेपेला ती नाकाला आपटून खाली पडते; धीर सोडू नये. नीट बसली की ती खांद्यांपर्यंत खाली उतरते. बेलेथोर हूं की चूं करत नाही. बादलीच्या आत बसून तो गिऱ्हाइकाची वाट बघत राहतो. मग फळीवरच्या कुप्या, गल्ल्याजवळची नाणी, भिंतीवरची तलवार, सगळं शांतपणे उचलावं.

हे का चालतं? कारण दुकानदाराला चोरी दिसली की नाही, हे गेम त्याच्या नजरेच्या रेषेवरून ठरवतो. मध्ये भांडं आलं, नजर अडली, दिसलं नाही. हिशेब चोख आहे. डोक्यावर अचानक बादली येणं हीच मुळात संशयाची बाब आहे, एवढंच त्याला शिकवायचं राहून गेलं.

खरी गोम इथेच आहे. इतर बऱ्याच गेममध्ये टेबलावरची थाळी ही शोभेची असते, टेबलालाच चिकटलेली. इथे थाळी खरी, थाळीतला कोबी खरा, शेजारचं चीजचं अख्खं चाकही खरं. उचलता येतं, फेकता येतं, कुणाच्या घरात नेऊन ठेवता येतं, आणि आठवड्याने परत गेलात तर बरेचदा तिथेच सापडतं. एवढं सगळं खरं ठेवायचं म्हटलं की ते एकमेकांवर आदळणार. लढाईच्या ऐन मध्यात घड्याळ थांबवून चाळीस चाकं चीज खाता येतं, तेही याच खरेपणाच्या खात्यात. अपराध आणि आनंद यांचा कारखाना एकच आहे. एक पाळी बंद केली तर दुसरीही बंद पडते.

याचा दाखला म्हणून मधमाशीची कथा सांगावी. ‘स्कायरिम’च्या सुरुवातीला हात बांधलेले कैदी घेऊन एक बैलगाडीवजा घोडागाडी डोंगरातून उतरते. हा गेमचा पहिलावहिला प्रसंग. गेम तयार होत असताना ही गाडी मधूनच थरथरू लागे आणि उडून आकाशात जाई. नेहमी नाही, कधी कधी. त्या गेमवर काम केलेल्या एकाने २०२१ साली याचा उलगडा जाहीरपणे सांगितला. मधमाश्या पकडून त्यांचा औषधांत उपयोग करता यावा अशी योजना होती, पण त्या पकडता येत नव्हत्या. तो दोष दुरुस्त करताना माशीला असं काही ठोसपण आलं, की ती कशानेही हलेना. गाडीला रस्त्याने पुढे जायचं होतं, माशीला जागचं हलायचं नव्हतं. माशी जिंकली. विक्रीला आलेल्या गेममध्ये हा दोष नव्हता, आणि ही गोष्ट ऐकणाऱ्या प्रत्येकाला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

‘स्कायरिम’च्याच रिव्हरवुड गावात कोंबडी मारू नये. सगळा गाव कुऱ्हाडी घेऊन अंगावर येतो. डोक्यावर ड्रॅगन घिरट्या घालत असेल तरी आधी कोंबडीचा न्याय होतो. यावर अधिक भाष्य नको.

‘ऑब्लिव्हियन’साठी वेगळी तयारी लागते, कारण तिथे अपराध हातापायांनी कमी आणि तोंडाने जास्त होतात. या गेममधल्या माणसांना स्वतःचं वेळापत्रक, स्वतःची भूक, स्वतःच्या इच्छा असतील, असा मोठा गाजावाजा झाला होता. ‘रेडियंट एआय’ हे त्या योजनेचं नाव. प्रत्यक्षात दोन नागरिक रस्त्यात भेटले, की पंगतीत शेजारी बसवलेले आणि एकमेकांचं नाव न आठवणारे दोन नातेवाईक बोलतात तसं बोलणं चालतं. एक सांगतो, परवा आपल्याला चिखलातला खेकडा दिसला. दुसरा खेकड्यांबद्दल घृणा व्यक्त करतो. मग दोघेही एकदम निरोप घेऊन विरुद्ध दिशांना चालू लागतात. आवाज देणारे नट मोजके, माणसं शेकड्यांनी. त्यामुळे भिकारी खोकत, घोगऱ्या आवाजात नाणं मागतो आणि गावातली बातमी विचारली की खणखणीत आवाजात उत्तर देतो. नटांच्या हाती संवाद दिले गेले ते वर्णानुक्रमे लावून, प्रसंगानुसार नव्हे. हे कळल्यावर तर मला त्या भिकाऱ्याविषयी आदरच वाटू लागला.

या भागातला मुकुटमणी म्हणजे टॅन्डिल्वे. राजधानीच्या मंदिरात राहणारी ही एल्फ बाई एक वाक्य म्हणते, थांबते, हे मी पुन्हा घेते म्हणून कुणाला तरी सांगते, आणि तेच वाक्य पुन्हा म्हणते. ध्वनिमुद्रणाच्या खोलीतली नटीची चूक कापायची राहिली आणि गेमबरोबर जगभर गेली. आता टॅन्डिल्वेबाईंचा व्यवसाय बघा: त्या वक्तृत्वाच्या सर्वोच्च दर्जाच्या शिक्षिका आहेत. २२ एप्रिल २०२५ रोजी ‘ऑब्लिव्हियन’ची नवी, झकपक आवृत्ती निघाली. चेहरे बदलले, उजेड बदलला, झाडांची पानंसुद्धा नवी आली. टॅन्डिल्वेबाईंची चूक मात्र जशीच्या तशी ठेवली. ती काढली असती, तर त्या चुकीला कुणी क्षमा केली नसती.

इथवर हसत हसत झालं. ‘मॉरोविंड’ला मात्र क्षमा करायला अंगात रग लागते. पहिल्याच वाटेवर एक खेकडा भेटतो. तुम्ही त्याला सुरी मारता. सुरी त्याच्या पाठीत शिरताना डोळ्यांना दिसते. गेम म्हणतो, लागली नाही. तुमचं कौशल्य आणि तुमचा थकवा यांवरून पडद्यामागे फासे पडत असतात आणि ते तुमच्या विरुद्ध पडलेले असतात. त्यात तुम्ही खेकड्याकडे धावत आलात. धावल्याने दम लागतो, दम लागला की फासे आणखी उलटे पडतात. पंधरा वार हवेत जातात आणि खेकडा शांतपणे तुमचा जीव घेतो. पुढे एक म्हातारा हेर तुम्हाला एका विद्वानाकडे पाठवतो, आणि तो विद्वान अर्क्न्‌गथांड नावाच्या पडक्या वास्तूतून एक छोटी पेटी आणायला सांगतो. नकाशावर बाण नाही, खूण नाही. वास्तूचं दार बंद. ते उघडायला बाहेरच्या एका नळावरची कळ फिरवायची, ही अक्कल आपली आपण चालवायची. पेटी मूठभर आकाराची, आत कुठल्याशा फळीवर, तिथल्या इतर तपकिरी सामानाच्या रंगाचीच. ती शोधता शोधता गेम सोडून दिलेले लोक आहेत. ज्यांना ती सापडली ते आजही नव्या गेममधल्या बाणांकडे बघून नाक मुरडतात. या जातीचा अपराध लगेच माफ होत नाही. तो दहाएक वर्षं मुरू द्यावा. मग त्यालाच ‘तेव्हाचे गेम खरे गेम होते’ असं म्हणता येतं.

याच ‘मॉरोविंड’च्या एक्सबॉक्सवरल्या आवृत्तीत मेमरी संपत आली, की गेम पडद्यावर ‘लोड होत आहे’चं चित्र ठेवून आतल्या आत अख्खं यंत्र बंद करून पुन्हा सुरू करत असे. हे टॉड हॉवर्ड यानेच पुढे सांगितलं; मालिकेचं नेतृत्व बरीच वर्षं त्याच्याकडे आहे. खेळाडूंना वाटे, यावेळी जरा जास्तच वेळ लागतोय बुवा. कळलाच नाही त्या अपराधाला माफ करावं लागत नाही, ही कायद्यातली जुनी पळवाट.

आता पुराणविधी. मला स्वतःला हा या मालिकेचा सगळ्यात मोठा पराक्रम वाटतो. दोष निस्तरता येत नसेल, तर त्याचं पुराण करावं.

‘डॅगरफॉल’ हा आकाराने राक्षसी गेम. त्याचा प्रदेश ग्रेट ब्रिटनएवढा आहे अशी जाहिरात होती. त्यातली भुयारं अर्थातच हाताने रचलेली नव्हती. ठरावीक तुकडे जोडून यंत्राने बनवलेली होती. दोन तुकड्यांच्या सांध्यातून खेळाडू खाली सटके आणि काळ्या शून्यात पडत राही. यावर उपाय म्हणून ऑल्ट आणि एफ-११ दाबलं की शून्यातून परत, अशी सोय पॅचमध्ये दिली गेली. भोक बुजवण्याऐवजी दोर दिला. पण खरा पेच शेवटाचा होता. या गेमचे शेवट अनेक, आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. एका शेवटात हे राज्य जिंकतं, दुसऱ्यात ते, तिसऱ्यात भलताच कोणी देव होतो. पुढचा भाग काढताना यातला खरा कोणता मानायचा? एक निवडला तर बाकीच्या खेळाडूंची मेहनत खोटी ठरणार. लेखकांनी जाहीर केलं, की त्या दिवशी काळच मोडला. सगळे शेवट एकाच वेळी खरे झाले. या घटनेला ‘ड्रॅगन ब्रेक’ म्हणतात, आणि नंतरच्या भागांमध्ये, ग्रंथालयांच्या फळ्यांवर, तिच्यावर वाद घालणारी पुस्तकं वाचायला मिळतात. विसंगतीला धर्मशास्त्राचा दर्जा इतक्या कमी खर्चात क्वचितच मिळाला असेल.

तोच न्याय क्लिफ रेसरचा. ‘मॉरोविंड’च्या आकाशात हे चामड्याच्या पंखांचे पक्षी थव्याने फिरतात आणि दर शंभर पावलांवर अंगावर येतात; त्या गेमवर सगळ्यात जास्त शिव्या यांनीच खाल्ल्या. आता, गेमच्या अगदी आरंभी कैद्यांच्या जहाजावर तुम्हाला उठवणारा ज्यूब नावाचा एकाक्ष सोबती असतो. पुढल्या गेममध्ये कानावर येतं, की या ज्यूबने क्लिफ रेसरांना ‘मॉरोविंड’ घडतो त्या बेटावरून हाकलून लावलं आणि त्याबद्दल त्याला संत ठरवण्यात आलं. ‘स्कायरिम’च्या पुरवणीत तो मरणोत्तर भेटतो, आत्म्यांच्या माळावर, स्वतःच्या आत्मचरित्राची विखुरलेली पानं शोधत. कंपनीने माफी मागितली नाही. तिने तक्रारीला संतपद दिलं. ती दहा पानं मी निमूटपणे गोळा करून दिली.

इतक्या औदार्यानंतर साधकाला वाटू लागतं, की काहीही माफ करता येतं. तसं नाही. काही खटले तहकूब ठेवावे लागतात.

प्लेस्टेशन ३ वर ‘स्कायरिम’ खेळणाऱ्यांचा सेव्ह जसजसा फुगत गेला, तसतसा गेम अडखळू लागला. हलवलेली प्रत्येक बादली, मारलेला प्रत्येक लांडगा गेमला लक्षात ठेवायचा, आणि त्या यंत्राची मेमरी २५६-२५६ मेगाबाइटच्या दोन वेगळ्या कप्प्यांत विभागलेली. म्हणजे जो आठवड्यातून एकदा येऊन दोन लांडगे मारून जाई त्याचं सगळं सुरळीत, आणि जो रात्र-रात्र जागून घर सजवी त्याला शिक्षा. वर ‘डॉनगार्ड’ ही पुरवणी एक्सबॉक्सला जून २०१२ मध्ये मिळाली, या लोकांना फेब्रुवारी २०१३ मध्ये. इथे हसण्याजोगं काही घडत नाही. पडदा नुसता थिजतो. यावर कुणी पोवाडा रचला नाही. याउलट नोव्हेंबर २०११ च्या एका पॅचनंतर ड्रॅगन मागच्या मागे उडू लागले होते, आणि तो पॅच सुधारला गेला तेव्हा काहींना चुटपुट लागली.

खिशात हात घालणारे अपराध त्याहून गंभीर. एप्रिल २००६ मध्ये ‘ऑब्लिव्हियन’च्या घोड्याला घालायचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं. जगभर गदारोळ झाला. तीन वर्षांनी १ एप्रिलला कंपनीने स्वतःचीच थट्टा करत बाकीच्या पुरवण्या स्वस्त केल्या आणि चिलखताची किंमत दुप्पट केली. तेव्हा कुठे लोक थोडे निवळले. आज प्रत्येक गेममध्ये टोपी-टोपीला पैसे मागतात, त्यामुळे ते चिलखत आता बिचारं वाटतं. २०१५ च्या २३ एप्रिलला मात्र कडेलोट झाला. खेळाडू आपल्या हौसेने गेममध्ये भर घालतात, त्याला मॉड म्हणतात. ते मॉड ‘स्टीम’ या गेमच्या ऑनलाइन दुकानात पैसे घेऊन विकायची सोय केली गेली. करणाऱ्याला पंचवीस टक्के, बाकी वरच्यांना. चार दिवसांत ती योजना गुंडाळावी लागली.

एवढा संताप का, हे समजायला घराची व्यवस्था माहीत हवी. या मालिकेत प्रायश्चित्त कंपनी घेत नाही. ते खेळाडू घेतात. ‘स्कायरिम’चे हजारो दोष निस्तरणारा ‘अनऑफिशियल पॅच’ चाहत्यांनी फुकट केला, वर्षानुवर्षं केला. शिवाय ड्रॅगनच्या जागी थॉमस नावाचं आगगाडीचं इंजिन शिट्टी मारत येईल, अशीही सोय त्यांनीच केली. आणि त्या पॅचने काही लाडके दोष दुरुस्त केल्यावर ते दोष परत आणणारे मॉडही निघाले. इतक्या लोकांनी इतकी वर्षं फुकट राबून ज्या घराची गळती थांबवली, तिथे कुणी तिकीटखिडकी उघडली तर भांडण होणारच.

एक गोष्ट या सगळ्यात बसत नाही, ती म्हणजे लिडिया. व्हाइटरनचा सरदार खूश होऊन ही अंगरक्षक तुम्हाला देतो. तुमचं ओझं वाहण्याची शपथ तिने घेतलीय, हे ती अशा सुरात सांगते की ओझं देणाऱ्यालाच लाज वाटावी. ती नेमकी अरुंद दारात उभी राहते, सापळ्याच्या नेमक्या फरशीवर पाय देते, आणि तुम्ही लपून बसलात की शत्रूला आरोळी ठोकते. तिला क्षमा करण्याची पद्धत मला सापडलेली नाही, आणि तिच्याशिवाय कुणी निघाल्याचंही मला ठाऊक नाही.

उरला पुनर्विक्रीचा प्रश्न. ‘स्कायरिम’ २०११ ला आला, २०१६ ला ‘स्पेशल’ होऊन आला, २०१७ ला निन्टेन्डो स्विचवर आणि डोळ्यांवर चढवायच्या व्हीआर चष्म्यात आला, २०२१ ला दशकपूर्तीच्या नावाने आला. २०१८ साली कंपनीने थट्टा म्हणून ॲलेक्सावर बोलून खेळायचा ‘स्कायरिम’ जाहीर केला, आणि तो खरोखरच उपलब्ध होता. यावर विचारलं असता टॉड हॉवर्डचं म्हणणं असं पडलं, की काढणं थांबवायला हवं असेल तर तुम्ही घेणं थांबवा. या युक्तिवादाला उत्तर नाही. २०२३ पर्यंत सहा कोटींवर प्रती खपल्या होत्या. इथे आरोपी कोण आणि फिर्यादी कोण, हे ठरत नसल्याने खटला निकाली काढावा.

सहाव्या भागाची घोषणा जून २०१८ मध्ये झाली. डोंगर, किनारा, वरून सरकणारा कॅमेरा, संगीत, आणि मालिकेचं नाव. एक मिनिटही भरलं नाही. पाचवा खेळताना शाळेत असलेली मुलं आता नोकरीला लागली आहेत आणि त्यांचं पहिलं प्रमोशनही झालंय. या भागासाठी आगाऊ क्षमा करून ठेवण्याची प्रथा रूढ झाली आहे. ती योग्यच आहे, फक्त आगाऊ पैसे भरू नयेत. गेम येईल त्या दिवशी रजा टाकू नये, दुसरा पॅच आल्यावर टाकावी. हा नियम कुणी पाळणार नाही, म्हणून अर्ज आत्ताच भरून ठेवावा आणि तारखेची जागा कोरी सोडावी. कारणाच्या रकान्यात ‘घरगुती’ लिहावं.